चमक दिसते, पकड दिसत नाही
रंग, पावडर कोटिंग व मुलाम्याची कसोटी : जॉबवर्क करणाऱ्यांसाठी उपयुक्त माहिती

नाशिकच्या इंदिरानगरात नवी इमारत उभी राहिली की पाठोपाठ ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे आणि स्वयंपाकघरातील ट्रॉल्या यांची कामे निघतात. जवळच अंबडची औद्योगिक वसाहत असल्यामुळे वेल्डिंग, रंगकाम, पावडर कोटिंग आणि प्लेटिंग करणाऱ्यांना या भागात रोजी मिळते. माल पोचवताना तो आरशासारखा चमकत असतो. खरी परीक्षा सुरू होते ती पहिल्या पावसाळ्यानंतर. कोपऱ्यावर फुगवटा येतो, नख लावले की पापुद्रा निघतो आणि खालून गंजलेले लोखंड डोकावते. मग ग्राहक कारागिराला दोष देतो, कारागीर पावडर विकणाऱ्याला, आणि पावडरवाला म्हणतो, "पत्राच नीट धुतला नव्हता."

अशा भांडणात ज्याच्याजवळ कागद नाही त्याचे पैसे अडकतात. कारण लेपाची चमक डोळ्याला दिसते, पण पकड दिसत नाही. ती मोजावी लागते. यातील सर्वात सोप्या कसोटीला ब्लेड आणि चिकटपट्टी यापलीकडे फारसे काही लागत नाही, हे आपल्या अनेक कारागीर बंधूंना ठाऊक नसते.

पकड कशामुळे येते?

कल्हईचे उदाहरण घेऊ. तांब्याचे भांडे कारागीर आधी घासून स्वच्छ करतो, तापवतो, नवसागर टाकतो आणि मग कथील फिरवून कापसाने पुसतो. नवसागरामुळे तांब्यावरील काळा थर निघून धातू उघडा पडतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि उघड्या तांब्याशी मिळून दोहोंच्या मध्ये मिश्रधातूचा अतिशय पातळ थर तयार करते. म्हणून चांगली कल्हई झिजते, पण तिचे पोपडे निघत नाहीत. नवसागरात कसूर झाली की त्या जागी कथील धरतच नाही. कल्हईवाल्याचा हा जुना हुनर आजच्या प्रत्येक लेपाला लागू आहे. लेप भांड्याला धरतो, भांड्यावरच्या मळाला नाही.

पावडर कोटिंगच्या कारखान्यात 'सात टाक्यांची' पद्धत असते ती याचसाठी. तेल काढणे, धुणे, गंज काढणे, पुन्हा धुणे, पृष्ठभाग तयार करणे, फॉस्फेटिंग आणि शेवटी पॅसिव्हेशन. घाईच्या दिवसांत यातील एखादी टाकी वगळली किंवा धुण्याचे पाणी बदलले नाही, तर भट्टीतून निघालेला माल त्या दिवशी तितकाच सुंदर दिसतो. दोष आत दडून राहतो.

चौकटीची कसोटी

चिकटपट्टीने लेपाची पकड तपासण्याची कल्पना जुनी आहे. पारदर्शक चिकटपट्टी १९३० साली बाजारात आली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९३५ मध्ये, जॉन स्ट्राँग या अमेरिकन शास्त्रज्ञाने काचेवर चढवलेला ॲल्युमिनियमचा थर तपासण्यासाठी तिचा उपयोग केला. स्ट्राँग दुर्बिणींच्या आरशांवर असे थर चढवीत असत.

आज हीच रीत मानकांत बसवलेली आहे. आयएसओ २४०९ प्रमाणे लेपावर धारदार पात्याने सहा समांतर रेघा थेट धातूपर्यंत कापायच्या आणि त्यांच्यावर आडव्या सहा. २५ छोटे चौकोन तयार होतात. लोखंडी पत्र्यावर लेप ६० मायक्रॉनपर्यंत असेल तर दोन रेघांमध्ये १ मिलिमीटर अंतर ठेवायचे, ६१ ते १२० मायक्रॉन असेल तर २ मिलिमीटर. पावडर कोटिंग बहुधा ६० ते ८० मायक्रॉनचे असते, म्हणून तेथे २ मिलिमीटरचे अंतर धरावे. ब्रशने भुसा झाडून पट्टी घट्ट दाबायची आणि सुमारे ६० अंशांच्या कोनात एका झटक्यात ओढायची. मग भिंगातून पाहायचे की किती भाग निघाला.

येथे एक मोठा धोका आहे, आणि तो पैशाचा आहे. आयएसओच्या पद्धतीत ० म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे सर्वात वाईट. अमेरिकेच्या एएसटीएम डी ३३५९ या मानकात नेमके उलटे आहे. तेथे '५ बी' उत्तम आणि '० बी' सर्वात वाईट. समजा, ऑर्डरवर नुसते 'ॲढेजन ५' असे लिहिले आहे आणि आपण आयएसओने तपासून ० असा अहवाल दिला. माल उत्तम असूनही तो नापास ठरू शकतो. म्हणून ऑर्डर घेतानाच विचारून घ्यावे की कोणते मानक आणि कोणती श्रेणी चालेल. आपल्या देशात रंगांच्या चाचण्यांसाठी आयएस १०१ हे मानक असून त्याच्या पाचव्या भागात पकडीच्या चाचण्या दिल्या आहेत.

ओढून काढण्याची कसोटी

चौकटीची कसोटी पास-नापास सांगते, पण ती बळाचा आकडा देत नाही. आकडा हवा असेल तर 'पुल-ऑफ' कसोटी आहे. धातूची छोटी गोल गुटी, जिला डॉली म्हणतात, लेपावर इपॉक्सीने चिकटवायची आणि यंत्राने सरळ वर ओढायची. गुटी कोणत्या बळाला सुटली ते यंत्र दाखवते. नेहमीची डॉली २० मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस मिलिमीटर. ती १,५७० न्यूटन बळाला, म्हणजे सुमारे १६० किलो वजनाच्या ओढीला सुटली, तर पकड ५ मेगापास्कल झाली.

पण केवळ आकड्यावर भागत नाही. गुटीचे तोंडही पाहावे लागते. खाली स्वच्छ धातू दिसला तर लेप धातूपासून सुटला, म्हणजे धुण्यात दोष. लेप मधूनच फाटला तर धातूची पकड ठीक, पण लेप कच्चा. तेव्हा भट्टीचे तापमान आणि वेळ तपासावी. इपॉक्सीच सुटली तर लेपाची खरी पकड त्या आकड्याहून जास्त आहे एवढेच समजायचे. पावडरवाला आणि पत्रा धुणारा यांच्या भांडणाचा निकाल बहुधा या गुटीच्या तोंडावरच लिहिलेला असतो.

प्लेटिंग व हत्यारांचा लेप

निकेल-क्रोम प्लेटिंगला चिकटपट्टीची कसोटी पुरत नाही, कारण कमजोर मुलामाही पट्टीने सहसा निघत नाही. तेथे तुकडा वाकवून पाहतात, कानस चालवून पाहतात किंवा तापवून थंड पाण्यात बुडवतात. लोखंडी वस्तू सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवतात, जस्ताच्या मिश्रधातूची १५० पर्यंतच. पकड कच्ची असेल तर मुलाम्यावर फोड येतात.

ड्रिल व कटर यांच्यावर दिसणारा सोनेरी थर टायटॅनियम नायट्राइडचा असतो आणि तो केवळ काही मायक्रॉनचा असतो. त्यावर हिऱ्याचे टोक वाढत्या भाराने ओढतात आणि थर कोणत्या भाराला फुटतो ते पाहतात. ओरखड्याच्या या कसोटीचा शास्त्रीय अभ्यास १९५० साली हेवन्स यांनी प्रसिद्ध केला. हे यंत्र महाग आहे. परंतु हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात असलेल्या रॉकवेल यंत्रावरही काम भागते. १५० किलो भाराने खूण पाडायची आणि खुणेभोवतीचा थर सूक्ष्मदर्शकातून पाहायचा. बारीक भेगा चालतात. थराचे तुकडेच उडाले असतील तर माल नापास.

आजपासून काय करावे?

प्रत्येक लॉटबरोबर त्याच पत्र्याचा एक तुकडा सर्व टाक्यांतून व भट्टीतून काढावा. त्याची जाडी मोजून चौकटीची कसोटी घ्यावी, ओढलेली पट्टी पांढऱ्या कागदावर चिकटवावी आणि त्यावर तारीख, चलान क्रमांक, मानक व श्रेणी लिहून सही करावी. दुसरा तुकडा न कापता जपून ठेवावा. ग्राहकाचा माल यात खराब होत नाही आणि खर्च नगण्य आहे. पट्टी मात्र दर वेळी एकाच जातीची वापरावी, कारण पट्टी बदलली की निकालही बदलतो.

यातून दुहेरी लाभ होतो. तक्रार आली तर आपल्या हातात पुरावा असतो. आणि निकाल दोन-तीन लॉट सतत घसरताना दिसला तर माल दारातून बाहेर पडण्याआधीच टाकीतील दोष कळतो. वहीतील असे एक पान पुढच्या पावसाळ्यात अडकलेले बिल सोडवून देऊ शकते.