माणूस स्वस्त कसा होतो?

मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गावरील एका कारखान्याच्या दारात मध्यंतरी आमची सभा होती. फळ्यावर विषय मोठा लिहिला होता : 'परदेशांशी होणारे व्यापारी करार आणि कामगार'. आम्ही आपले पुष्कळ वाचून, टिपणे काढून गेलो होतो. दहा मिनिटे बोललो असू नसू, तोच मागल्या बाजूने एक तरुण कामगार उठला आणि म्हणाला, "भाऊ, ते करारबिरार राहू द्या. माझा धाकटा भाऊ आयटीआय करून तीन वर्षं घरी बसलाय, आणि ह्या गेटातून रोज परप्रांतातली पोरं आत जातात. त्याचं काय ते बोला." सभेने कडकडून टाळ्या दिल्या. त्याआधी आमच्या भाषणाला एकही टाळी पडली नव्हती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते तोकडे पडले. पुढे त्यावर जो विचार झाला तो आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत. आम्ही अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हे. दहावीनंतरचे आमचे सारे शिक्षण पाळी सुटल्यावर ग्रंथालयाच्या बाकावर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी धरू नये, हिशेबाची धरावी.

प्रथम त्या रागाविषयी. हा राग खोटा आहे, कोणीतरी पेटवून दिला आहे, असे म्हणण्याची सुशिक्षितांत रीत आहे. आम्हांला ती मान्य नाही. या मुंबईत तो राग दोनदा मोठ्याने बोलला. १९६६ सालच्या आगेमागे तो कचेऱ्यांतल्या टंकलेखकाच्या आणि कारकुनाच्या खुर्चीसाठी होता. दक्षिणेकडून आलेल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या 'मार्मिक'मध्ये छापून येत. त्याच वर्षीच्या जूनमध्ये शिवसेना स्थापन झाली. पुढे स्थानीय लोकाधिकार समित्यांनी बँका, विमा, विमान कंपन्या यांच्या भरतीचे कागद मागितले आणि मराठी मुलांकडून परीक्षांची तयारी करून घेतली. मारहाणीचा भाग आम्ही निषिद्धच मानतो. परंतु भरतीचा कागद मागणे हे काम रास्त होते. दुसरा प्रसंग ऑक्टोबर २००८ चा. रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना परीक्षा केंद्रांवर मारझोड झाली. ती मुले आमच्या मुलांसारखीच, उसने पैसे घेऊन, रात्रभर उभ्याने प्रवास करून आलेली होती. पण त्या संतापाच्या तळाशी एक खरी तक्रार होती : भरतीची जाहिरात मराठी वृत्तपत्रांत येत नाही आणि परीक्षा मराठीत देता येत नाही. पुढे रेल्वेने प्रादेशिक भाषांतून परीक्षा घेण्याचे ठरविले, म्हणजे तक्रार खरी होती असेच झाले. मार मात्र ज्याने जाहिरात दडविली त्याला पडला नाही. ज्याला ती वाचायला मिळाली त्याला पडला.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे करारांकडे येतो. 'डंकेल' हा शब्द येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या मसुद्याविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा आम्ही नुकते कामाला लागलो होतो. घोषणा दिल्या, अर्थ कळला नव्हता. १९९४ च्या एप्रिलमध्ये माराकेश येथे सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. लोक समजतात की त्या दिवसापासून परदेशी माल धो धो आला. तसे नव्हे. कितीतरी वस्तूंच्या आयातीवर आपल्या सरकारचे संख्यात्मक निर्बंध शिल्लक होते. अमेरिकेने त्याविरुद्ध तक्रार केली, १९९९ साली निकाल आपल्याविरुद्ध गेला, आणि १ एप्रिल २००१ रोजी शेवटच्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध उठले.

त्याहून शांतपणे झालेला एक करार आहे, आणि उपनगरांच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा. १९९७ साली भारताने माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंचा करार स्वीकारला. संगणक, टेलिफोनची यंत्रे, सुटे इलेक्ट्रॉनिक भाग अशा २१७ बाबींवरील आयात-जकात टप्प्याटप्प्याने, २००५ पर्यंत, शून्यावर आणण्याचे त्यात कबूल केले होते. आता हिशेब पाहा. समजा एक यंत्र तयार होऊनच बाहेरून आले, तर जकात शून्य. तेच यंत्र मरोळला जोडावयाचे म्हणून तांब्याची तार, प्लास्टिकचे दाणे, पत्रा बाहेरून आणला, तर त्या कच्च्या मालावर जकात आहे. म्हणजे जो येथे चार माणसांना काम देतो त्याला दंड, आणि जो गोदी ते गोदाम एवढाच प्रवास करवितो त्याला सूट! याला उलटी जकात म्हणतात. हे कोष्टक कोणत्या मोर्च्यात फडकले? कोणत्याच नाही. कोष्टकाला चेहरा नसतो. गेटावर उभ्या असलेल्या पोराला असतो.

परंतु सारा दोष करारावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जे कारखाने बंद पडले त्यांतील कित्येकांना परदेशी मालाने नव्हे तर स्वतःच्या पायाखालच्या जमिनीने मारले. गोरेगावचे निरलॉन पाहा, नेस्को पाहा. जेथे यंत्रे होती तेथे आज कचेऱ्या आणि प्रदर्शनाची दालने आहेत. भूखंडाचा भाव मालाच्या नफ्याहून मोठा झाला की मालकाला कामगाराशी भांडण्याचीही गरज उरत नाही.

आणि काही दोष आमच्या स्वतःच्या सहीत आहे. ती गोष्ट सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

आम्ही घाटकोपरला वाढलो. डॉक्टर दत्ता सामंतांचा दवाखाना तिथलाच. खाणीत दगड फोडणारे कामगार त्यांच्याकडे औषधाला येत आणि त्यातून त्यांची चळवळ उभी राहिली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या खाणकामगारांत इथला किती आणि बाहेरचा किती, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. १९९७ च्या जानेवारीत पवईला डॉक्टरांचा खून झाला तेव्हा एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या युनियनचे चिटणीस होतो. त्याच सुमाराला आमचा तीन वर्षांचा पगारवाढीचा करार आला. व्यवस्थापनाने सांगितले : पगारवाढ मागता तेवढी घ्या, फक्त पॅकिंग, माल चढविणे-उतरविणे आणि साफसफाई ही खाती ठेकेदाराकडे जातील, तुमच्यापैकी एकालाही हात लावणार नाही. आम्ही रात्रभर चर्चा केली. सकाळी सही केली. गुलाल उधळला. सभासदांनी आम्हांला खांद्यावर घेतले.

ठेकेदाराची पहिली तुकडी आली त्यात जौनपूरचे होते, जळगावचे होते आणि चिपळूणचेही होते. दोघे तर आमच्याच सभासदांचे मुलगे होते! बापाच्या यंत्राशेजारी मुलगा उभा. बापाला कायम पगार, महागाई भत्ता, कँटीन. मुलाला रोजंदारी, आणि तीही ठेकेदार देईल तेव्हा. आम्ही त्यांना युनियनचे सभासद करून घेतले नाही. घटनेत बसत नाही, असे तेव्हा म्हणालो होतो. दहा वर्षांनी कारखाना बंद झाला. कायम कामगारांना स्वेच्छानिवृत्तीची रक्कम मिळाली, ठेक्यावरच्यांना गेट बंद आहे हे गेटावर येऊन कळले. त्या कागदावर आमची सही आहे. ती माराकेशला झालेली नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे मर्म. परप्रांतातून आणलेला माणूस स्वस्त पडतो म्हणून त्याला ठेवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तो स्वस्त का पडतो? त्याला भूक कमी लागते म्हणून? कायदा तर नेमका उलटा होता. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील नियमांत असे होते की, ठेकेदाराचा माणूस कायम कामगारासारखेच काम करीत असेल तर त्याला वेतनही तेवढेच द्यावे. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. ठेकेदाराने दुसऱ्या राज्यातून पाच किंवा अधिक माणसे आणली, तर त्यांना समान वेतन, शिवाय भरतीच्या वेळी विस्थापन भत्ता म्हणून मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम, आणि जाण्यायेण्याचा प्रवासखर्च, ही सारी देणी त्या ठेकेदारावर होती.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. कायदा पाळला असता तर जौनपूरचा माणूस मुलुंडच्या माणसापेक्षा महाग पडला असता. मग ठेकेदाराने शेजारच्याच आयटीआयवाल्या मुलाला बोलाविले असते. त्यासाठी एकाही टॅक्सीची काच फोडावी लागली नसती. तो कायदा चाळीसहून अधिक वर्षे पुस्तकात होता आणि आमच्या अनुभवात त्याखाली भत्ता मिळालेला एकही कामगार आम्हांला भेटलेला नाही. परक्या माणसाला गावात ओळख नसते, रेशनकार्ड येथले नसते, निजण्याची जागा ठेकेदाराचीच असते. म्हणून तो तक्रार करीत नाही. त्याची स्वस्ताई ती एवढीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या श्रमसंहितांत विलीन झाले आहेत. प्रवासखर्च तेथे आहे. विस्थापन भत्ता उरलेला नाही. त्या दिवशी त्यासाठी उपनगरांत कोठे गर्दी जमलेली आम्ही पाहिली नाही.

कोणी म्हणेल, ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना, असा शासनाचा निर्णय आहे ना? आहे. १९६८ पासून तो निरनिराळ्या रूपांत निघतो आहे. २००८ च्या नोव्हेंबरात पुन्हा निघाला. पण तो मुख्यतः सवलती घेणाऱ्या उद्योगांना लागू, आणि ठेकेदाराच्या माणसांची मोजदाद कोण करणार हा प्रश्न राहतोच. हरयाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्क्यांचा कायदाच केला. २०२३ च्या नोव्हेंबरात तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला.

जरा समुद्रापलीकडे पाहू, कारण तेथे हेच नाटक चालते आणि परक्याची भूमिका आपल्याकडे असते. भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापारकरारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. त्यासोबत ठरले की, भारतीय कंपनीने काही मुदतीसाठी ब्रिटनला पाठविलेल्या माणसाची सामाजिक विम्याची वर्गणी भारतात भरली की पुरे. तिकडे दुसऱ्यांदा भरावयास नको. आपल्याला हे न्याय्य वाटते. तिकडच्या विरोधी पक्षांनी मात्र काहूर माजविले की सरकारने भारतीय कामगार स्वस्त करून आमच्या माणसाला डावलले! शब्द इंग्रजी होते. सूर मुलुंडच्या गेटावरचाच होता. त्याच वर्षी ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात बसविली. तिचा धाक अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिने घडविणाऱ्या कारागिरांनी सोसला. सप्टेंबरात नव्या एच-वन-बी परवान्यासाठी एक लाख डॉलरांचे शुल्क जाहीर झाले, आणि पार्ल्या-मुलुंडच्या कितीतरी घरांत रात्री फोन वाजले. आणि आपले शासन? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल माणसे पाठविण्याचा करार केला. आमचा आयटीआयवाला मुलगा तेथे गेला तर स्टुटगार्टच्या गेटावर तो कोण ठरेल?

तेथे आणि येथे एक फरक मात्र आहे. जर्मन युनियनचा पहिला प्रश्न असतो : ह्याला आमच्याच दराने पगार आहे ना? मिळत असेल तर त्याला सभासद करून घेतात, नसेल तर मालकाला धरतात.

करारांविरुद्धचा राग वाया जातो असेही नाही. आशिया-प्रशांत भागातील पंधरा देशांसह जो मोठा व्यापारकरार व्हावयाचा होता त्यातून ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकला भारताने अंग काढून घेतले. दूधवाले शेतकरी, लहान कारखानदार, कामगार संघटना यांनी आधी अनेक महिने वस्तूंच्या याद्या घेऊन बसून हिशेब मांडले होते. दुधाच्या भुकटीवर जकात किती आणि ती गेली तर गवळ्याचे काय, हे त्यांना पाठ होते.

मुलुंडच्या त्या गेटावर आम्ही महिन्याभराने पुन्हा गेलो. या वेळी टिपणे नेली नाहीत. त्या तरुणाला, त्याच्या बेकार भावाला आणि आत जाणाऱ्यांपैकी एका बिहारी मुलाला शेजारच्या चहाच्या टपरीवर बसविले. बिहारी मुलाने खिशातून मोबाईल काढून आपल्या खात्यात जमा झालेली रक्कम दाखविली. तरुणाने आपले पगारपत्रक उलगडले. काम एकच, मशीन एकच. भावाने दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि वजाबाकी केली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या बिहारी मुलाने विचारले, "प्रॉव्हिडंट फंड का नंबर सबको मिलता है क्या?" त्याला तो मिळालेला नव्हता. पुढल्या सोमवारी प्रॉव्हिडंट फंडाच्या कचेरीत जो अर्ज गेला तो भावाने सुवाच्य अक्षरात लिहिला होता, आणि त्यावर आठ सह्या होत्या. तीन देवनागरीतल्या मराठी नावांच्या, चार हिंदी भाषिकांच्या आणि एक अंगठा. अर्जाची पोच आमच्याजवळ आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.