साडेसात मिलिसेकंदांचं पेट्रोल

संपादकांना ल माँवर लेख हवा होता. १९९१ साली माझ्दाच्या ७८७बी गाडीनं चोवीस तासांची ती शर्यत मारली. पिस्टनच नसलेलं इंजिन तिथं जिंकलं ते पहिल्यांदाच. पण त्या चार रोटरांच्या किंचाळीवर इतकं लिहिलं गेलंय, की त्यात मी काय भर घालणार? ऑकलंडला बहिणीकडे मुक्काम होता. शहराच्या दक्षिणेला फक्त रोटरी इंजिनांचं काम करणारं एक वर्कशॉप आहे असं भाच्यानं सांगितलं म्हणून गेले, आणि एका ट्रेमध्ये ओळीनं ठेवलेल्या चार इंजेक्टरांपाशी अडकले.

न्यूझीलंडला रोटरीचं हे वेड लागण्याचं कारण साधं आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जपानमधल्या वापरलेल्या गाड्या इथं जहाजं भरभरून उतरू लागल्या. दोन्हीकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे स्टिअरिंगला हात लावायची गरज नव्हती. त्या गर्दीतून माझ्दाची आरएक्स-७ आली, तिच्या नाकात १३बी रोटरी इंजिन आलं.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेलची, पहिली गाडी एनएसयू कंपनीची. हिरोशिमाच्या माझ्दानं १९६१ मध्ये परवाना घेतला. रोटरच्या टोकांवरचे सील तो ज्यात फिरतो त्या हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर ओरखडे काढत. केनिची यामामोटोंच्या तुकडीनं त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटलं, त्यांच्याशी वर्षानुवर्षं झुंज दिली आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आणली. बाकीच्या कंपन्या एकेक करून या वाटेवरून परतल्या, माझ्दा राहिली. ट्रेमधले इंजेक्टर १९९१ ते २००२ या काळातल्या तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ चे होते. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, वर दोन टर्बो.

दोन रोटरांना चार इंजेक्टर कशाला, हा माझा पहिला प्रश्न. वर्कशॉपचा मालक पन्नाशीचा, बोलायला कंजूष. त्यानं फळ्यावर ८००० हा आकडा लिहिला आणि खाली भागाकार करून दाखवला.

८००० आरपीएमला शाफ्टचा एक फेरा साडेसात मिलिसेकंदांत होतो. साध्या फोर-स्ट्रोक इंजिनात सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा श्वास घेतो, म्हणजे इंजेक्टरला पंधरा मिलिसेकंद मिळतात. रोटरीत शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरची एक बाजू हवा ओढते. घास मोठा, वर टर्बोनं कोंबलेला, आणि वेळ निम्मा. मग तोटी मोठी हवी. पण तोटी मोठी केली की गाडी सिग्नलला उभी असताना लागणारा थेंब तिला मोजता येत नाही. सोलेनॉइडची सुई उचलायलाच साधारण एक मिलिसेकंद जातो. पल्स त्याच्या जवळपास आली, की किती पेट्रोल पडलं याचा हिशेबच उरत नाही.

माझ्दानं म्हणून काम वाटून दिलं. प्रत्येक रोटरला एक ५५० सीसीचा प्रायमरी, एक ८५० सीसीचा सेकंडरी. इथं सीसी म्हणजे मिनिटाला सोडलेलं पेट्रोल. प्रायमरी इंजिनाच्या मधल्या लोखंडी प्लेटमध्येच बसतो, पोर्टच्या तोंडाशी. सेकंडरी वर, मॅनिफोल्डमध्ये. जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर खोललेल्यांना स्लो जेट आणि मेन जेट आठवतील, विचार तोच. फक्त इथं एकाकडून दुसऱ्याकडे कधी जायचं हे कम्प्युटर ठरवतो.

आता निवडीचा हिशेब. चारही इंजेक्टर सताड उघडे ठेवले तर मिनिटाला २८०० सीसी. पण त्यांना ८५ टक्क्यांपुढे ताणत नाहीत, म्हणून २३८० धरायचे. तासाला जवळपास १०५ किलो पेट्रोल. टर्बो रोटरी खादाड. अश्वशक्तीमागे तासाला २८० ग्रॅम धरले तर मूळ संच पावणेचारशे अश्वशक्तीपर्यंत पुरतो. कंपनीनं ही गाडी २५५ वर विकायला काढली होती, म्हणजे हातचं भरपूर राखलं होतं. ट्रे ज्याचा, त्या गिऱ्हाइकाला पाचशे हव्या होत्या. त्यासाठी चौघांची बेरीज ३७०० च्या आसपास जाते. पेट्रोलचा दाब तीनवरून चार बारवर नेणं हा स्वस्त उपाय. पण प्रवाह दाबाच्या वर्गमुळानं वाढतो, पदरात पंधराच टक्के पडतात आणि पंपाचं हाशहुश्श होतं ते वेगळंच.

गिऱ्हाइकानं यादी आणली होती: १००० चे दोन, २००० चे दोन. मालकाला ते पटत नव्हतं. मोठ्या आकड्यावर सगळे भाळतात, पण गाडी दिवसाचा बहुतेक वेळ लहान आकड्यावर चालते, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. नव्या धाटणीचे १००० चे इंजेक्टर आयडलिंगला जुन्या ५५० पेक्षाही शहाण्यासारखे वागतात, हेही त्यानं मान्य केलं. त्याची खरी काळजी सेकंडरीची होती.

सेकंडरी जागा होतो त्या क्षणी त्याचं पहिलं पेट्रोल थेट चेंबरमध्ये जात नाही. ते मॅनिफोल्डच्या कोरड्या भिंतीला चिकटतं. तेवढ्यात कम्प्युटरनं प्रायमरीचा वाटा कमी केलेला असेल, तर मिक्श्चर क्षणभर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. बूस्ट नसताना गाडी नुसता झटका देते. बूस्टमध्ये नॉकिंग होतं, आणि रोटरीला एवढ्या तेवढ्या नॉकिंगचीही सवय नाही. टोकाचा सील अवघा दोन मिलिमीटर जाड. तो तुटला की तुकडे एक्झॉस्टमधून थेट टर्बोच्या पात्यांवर जातात, कारण वाटेत अडवायला व्हॉल्व्हच नाही. म्हणून मालक सेकंडरीला बूस्ट चढायच्या आधीच, थोडं थोडं सोडत जागं करतो आणि भिंत भिजवून घेतो. सेकंडरी प्रायमरीच्या दुप्पट झाला, की हा हातबदल आणखी अवघड.

आणि एवढं करून दगा देणाऱ्या जागा उरतातच. एक सेकंडरी तुंबला तर मूळ संचात त्या रोटरचं साठ टक्के पेट्रोल गेलं. एक्झॉस्टमधला सेन्सर मात्र दोन्ही रोटरांचा मिसळलेला धूर हुंगतो. हवा-पेट्रोलच्या प्रमाणात एक रोटर ११ वर, दुसरा १३ वर असेल, तर पडद्यावर १२ च्या आसपास आकडा दिसतो आणि ट्यूनर निर्धास्त. त्यामुळे चौघांना बेंचवर एकाच दाबाखाली चालवून, काचेच्या नळ्यांत पडलेलं पेट्रोल शेजारी शेजारी मोजण्यात त्याची अख्खी दुपार जाते. नाशिकच्या सातपुरात मायकोत डिझेलचे नोझल तपासण्यात हयात घातलेल्यांना हा चिवटपणा ओळखीचा वाटेल.

पुढे गिऱ्हाइकाला इथेनॉलही हवं होतं. ई-८५ थंड जळतं, नॉकिंगला दाद देत नाही, रोटरीला मानवतं. पण आकारमानानं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लागतं. म्हणजे ३७०० चे ५००० झाले आणि यादीतले २००० एकदम समर्थनीय ठरले. मालकानं हे खांदे उडवून कबूल केलं. मग त्यानं बाकीची यादी काढली: पंप मोठा, होज इथेनॉलला टिकणारे, रिटर्न लाइन रुंद, वायरिंग नवं. इंजिनाच्या उष्णतेत तीस वर्षं भाजलेल्या ओ-रिंग कडक झालेल्या. फ्युएल रेलवरचा पल्सेशन डॅम्पर तर या गाड्यांचा जुना वैरी. त्याला चीर गेली की पेट्रोल तापलेल्या इंजिनावर फवारतं, आणि आग लागलेल्या आरएक्स-७ त्यानं पाहिल्या आहेत. या गाडीच्या डॅम्परचा स्क्रू ओलसर होता. इंजेक्टर कुठलेही घ्या, तो बदलल्याशिवाय चावी देणार नाही, असं त्यानं गिऱ्हाइकाला फोनवर सांगितलं आणि चारही जुने इंजेक्टर पिशवीत भरून त्यावर तारीख लिहिली.