न आलेल्या बालकांचा शोध : दोन याद्यांचा ताळा

रुग्णालयाच्या नोंदवहीत आलेल्यांची नोंद होते. जे आले नाहीत, त्यांच्याविषयी ती मौन पाळते. लसीकरणाच्या कामात मात्र न आलेल्यांचीच चिंता अधिक वाहावी लागते. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार जन्मवेळच्या लसी बाळाला बहुधा प्रसूतिगृहातच मिळतात. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा मात्र नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यावयाची असते. तोवर माता व बालक घरी गेलेली असतात. ज्या बालकाची ही मात्रा राहून गेली, ते आजारी पडेपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही. संरक्षण नसलेल्या समूहात गोवराच्या एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. २०२२ साली मुंबईत आलेल्या गोवराच्या साथीत लस न मिळालेल्या बालकांनाच मोठी झळ पोहोचली.

म्हणून आमच्या नोंदणी विभागात दोन याद्यांचा नियमित ताळा घेतला जातो. त्याची रीत सोपी असून शाळा व सेवाभावी मंडळे यांनाही उपयोगी पडण्यासारखी आहे.

संगणकावर दोन साध्या मजकूर-फाइली असतात. पहिलीत आमच्याकडे जन्मलेल्या आणि आता दहा महिने पूर्ण झालेल्या बालकांचे नोंदणी क्रमांक, दुसरीत ही मात्रा घेतलेल्यांचे. एका ओळीत एकच क्रमांक. नावे आम्ही मुद्दामच घेत नाही. बारशापूर्वी बाळाची नोंद आईच्या नावाने होते व पुढे ते स्वतःच्या नावाने येते. शिवाय कुटुंबाची गोपनीयताही राखली जाते.

प्रथम दोन्ही याद्या एकाच पद्धतीने क्रमवार लावून दुबार नोंदी काढून टाकाव्यात. मग दोन्हींच्या पहिल्या ओळीवर एकेक बोट ठेवले आहे, अशी कल्पना करावी. क्रमांक सारखे असतील, तर दोन्ही बोटे पुढे न्यावीत. पहिल्या यादीतला क्रमांक लहान असेल, तर तो दुसरीत पुढे कोठेही असणार नाही, कारण ती यादी चढत्या क्रमाने आहे. तो उतरवून घ्यावा व पहिलेच बोट पुढे सरकवावे. दुसऱ्या यादीतला लहान असेल, तर ते बालक अन्यत्र जन्मलेले आहे, असे समजून दुसरे बोट सरकवावे. समजा, प्रत्येक यादीत २,००० क्रमांक आहेत. प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना केल्यास ४० लाख तुलना होतील. या रीतीने फार तर ४,००० पावलांत काम उरकते. युनिक्स प्रणालीतील ‘कॉम’ ही आज्ञा १९७३ पासून हेच काम करीत आली आहे.

सावधगिरी मात्र हवी, कारण संगणक अर्थ जाणत नाही, केवळ चिन्हे जुळवितो. देवनागरी १२ आणि रोमन अंकांतील बारा त्याला भिन्न वाटतात. ‘१२’ आणि ‘०१२’ही भिन्नच. ओळीअखेरची मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण त्याला दिसते. विंडोज व लिनक्स यांच्या फाइलींत ओळ संपविण्याची चिन्हेही निराळी असतात. गावाची यादी जुळविताना ‘कऱ्हाड’मधील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो; दिसायला एक, संगणकाला दोन गावे.

या गोष्टींमुळे आलेले बालक न आलेले ठरते. त्याची किंमत एक अनावश्यक दूरध्वनी. उलट प्रकार अधिक गंभीर असतो. संपूर्ण ओळ न जुळविता नुसता अंश शोधला, तर ‘११२’च्या पोटात ‘१२’ सापडतो आणि न आलेले बालक आलेले समजले जाते. त्याला मग कोणीच शोधत नाही. क्रमांक दरवर्षी १ पासून सुरू होत असतील, तर त्यांच्याआधी वर्ष लिहिणेही तितकेच अगत्याचे आहे. शेवटी पडताळा घ्यावा : ‘फक्त पहिल्या यादीत’ आणि ‘दोन्ही यादींत’ यांची बेरीज पहिल्या यादीच्या एकूण संख्येइतकी भरलीच पाहिजे.

उरलेली यादी हा पालकांवरील दोषारोप नव्हे, ती प्रश्नांची यादी आहे. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते व काही महिन्यांनी सासरी परतते. तिच्या बाळाने तेथील आरोग्य केंद्रात लस घेतलेली असू शकते. काही बालके दुर्दैवाने हयात नसतात. त्यांचे क्रमांक तिसऱ्या फाइलीशी ताडून वगळल्याशिवाय आम्ही एकाही घरी दूरध्वनी करीत नाही. लस का घेतली नाही, असा प्रश्न त्या मातेला विचारला जाणे, यासारखी दुसरी क्रूरता नाही. त्यानंतर जी नावे उरतात, त्यांच्या घरी आमच्या कार्यकर्त्या जातात.

पालकांना नम्र विनंती, की लस अन्यत्र घेतली असल्यास माता व बाल संरक्षण कार्ड आमच्या नोंदणी खिडकीवर अवश्य दाखवावे. आपल्या बाळाचा क्रमांक दुसऱ्या यादीत चढला, की त्या दिवशीची आमची एक फेरी खरोखर वंचित असलेल्या बालकाच्या घराकडे वळू शकते.