उर्दू शाळेची गुणवत्ता आणि मुख्याध्यापक

वाशीम, कारंजा, मंगरुळपीर परिसरातल्या अनेक मुस्लिम मुलांचे शिक्षण दोन ठिकाणी चालते : मकतबमध्ये कुरआन पठण आणि उर्दू शाळेत भाषा, गणित, परिसर अभ्यास. या मुलांच्या शालेय शिक्षणाचा दर्जा वाढवायचा, तर अध्यापनात स्वतः लक्ष घालणारे मुख्याध्यापक हवेत.

शाळा आणि मकतब

जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत राज्याचाच अभ्यासक्रम असतो आणि पुस्तके बालभारतीची. पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, असे संविधानाचे कलम २८ सांगते. ते काम मकतब-मदरशांचे. दोन्हींच्या वेळा जवळजवळ आल्या की मुले शाळेत उशिरा पोहोचतात. मौलानासाहेबांशी बोलून वेळ जुळवण्यात मुख्याध्यापकांनीच पुढाकार घ्यायला हवा.

अध्यापनाचे तास

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवे. मात्र याच कायद्यात प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर असेल तर. लहान शाळेत एखादे शिक्षकच प्रभारी असतात. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि बैठका सांभाळताना त्यांचाच वर्ग मागे पडतो. म्हणून परिपाठानंतरचे पहिले तास वाचन आणि गणितासाठी राखावेत, कागदपत्रे नंतर पाहावीत.

वर्गात बसून पाहणे

न्यूझीलंडच्या संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शाळेच्या नेतृत्वावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सहभागी होणाऱ्या शाळाप्रमुखांचा मुलांच्या प्रगतीवर सर्वाधिक परिणाम दिसला. उर्दू शाळेत याला विशेष महत्त्व आहे. उर्दू उजवीकडून, तर मराठी आणि इंग्रजी डावीकडून लिहिली जाते. मुलाला तीन लिप्या आत्मसात कराव्या लागतात. मुख्याध्यापकांनी एकेका मुलाकडून उतारा वाचून घेतला, तर कोण कुठे अडखळते ते कळते आणि शिक्षकांसोबत उपाय ठरवता येतो.

पालकांची साथ

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत बैठक संध्याकाळी घेतली, तर मजुरीला जाणाऱ्या आयाही येऊ शकतील.

जिल्ह्याने काय करावे

वाशीम २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात आहे. त्या कार्यक्रमात शिक्षणाला ३० टक्के भार आहे. शिक्षणात प्रगती साधण्यासाठी जिल्ह्याने प्रभारी मुख्याध्यापकांचे कागदी काम कमी करावे आणि त्यांना उर्दूतून नेतृत्वाचे प्रशिक्षण द्यावे.