एकास बारा

लहानपणी दिवाळीत केलेला किल्ला आठवून पाहा. दरवाज्यापेक्षा मावळा उंच, मावळ्यापेक्षा वाघ मोठा, आणि तोफेच्या तोंडात अख्खा पहारेकरी बसेल. आपल्याला त्यात काही खटकायचं नाही. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला मात्र खटकतं. तिच्या बाहुलीच्या खुर्चीवर बाहुलीचे पाय जमिनीला टेकले नाहीत तर ती खुर्ची परत करायला लावते.

तर गेल्या हिवाळ्यात, मँचेस्टरच्या पावसाला कंटाळून, आम्ही दोघींनी बाहुलीघर बांधायला घेतलं. लाकडी पत्रे, खिडक्या, जिना, दिवे असा सगळा कीट एका खोक्यात आला. खोक्यावर ‘वय १४ वर्षांच्या पुढे’ असं छापलेलं होतं. मी छत्तीस वर्षांची आणि पीएचडी झालेली, त्यामुळे आपण पात्र आहोत असं मी गृहीत धरलं. त्या ओळीकडे जरा नीट पाहायला हवं होतं. ते का, ते पुढे येईलच.

बाहुलीघरांचं रूढ प्रमाण एकास बारा. याचं कारण साधं आहे: फुटाला बारा इंच, म्हणून खऱ्या घरातला एक फूट म्हणजे बाहुलीघरातला एक इंच. दोन मीटरचा दरवाजा साधारण १७ सेंटिमीटरचा होतो आणि ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची पावणेचार सेंटिमीटरची. इथवर भागाकार पुरतो. पण लांबी बारा पटींनी कमी झाली की क्षेत्रफळ १४४ पटींनी आणि घनफळ १७२८ पटींनी कमी होतं. घर लहान होतं, पण पाणी, कापड, लाकूड आणि गुरुत्वाकर्षण आपापल्या जागी तसेच राहतात. पहिल्यांदा बाहुलीघर बांधणाऱ्याच्या बहुतेक फजित्या इथूनच येतात. निदान माझ्या तरी आल्या.

पहिली फजिती सांगायची मला लाज वाटते, कारण दिवसा मी पोटापाण्यासाठी पॉलिमरच्या पातळ थरांवरच संशोधन करते. मी तीन मिलिमीटर जाडीच्या भिंतींना बाहेरून छान पिवळा ॲक्रिलिक रंग दिला आणि झोपायला गेले. सकाळी सगळ्या भिंती पापडासारख्या वाकलेल्या!

लाकूड पाणी पितं आणि फुगतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते जवळपास फुगतच नाही, आडव्या दिशेने मात्र चांगलं फुगतं. एकाच बाजूला पाण्यातला रंग दिला की ती बाजू फुगते आणि पत्रा आधी उलट्या बाजूला वाकतो. मग रंग वाळतो, आकसतो आणि सोबत लाकडाचा वरचा थर ओढतो, तेव्हा पत्रा रंगाच्या बाजूला वळतो. यासाठी फरक किती लागतो? दोन बाजूंच्या लांबीत हजारात एक भाग. तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात एवढ्या फरकाने तीन मीटर त्रिज्येचा बाक येतो, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या भिंतीचा मधला भाग जवळजवळ सात मिलिमीटर पुढे येतो. बाहुलीच्या नजरेने ती भिंत आठ सेंटिमीटर फुगलेली आहे. तुमच्या घरात असं झालं तर तुम्ही इंजिनिअरला फोन कराल.

उपाय सोपा आहे. जोडणीच्या आधी दोन्ही बाजूंना सारखाच पातळ हात द्यायचा, आणि हाताला कोरडं लागलं की पुस्तकांच्या वजनाखाली दोन दिवस ठेवायचं. माझ्या वाकलेल्या भिंती मागच्या बाजूला रंग दिल्यावर बऱ्याच सरळ झाल्या. एक झाली नाही. तिच्यासमोर कपाट ठेवलं आहे.

चिकटवण्यासाठी आपला फेव्हिकॉलच्या जातीचा पांढरा डिंकच चांगला. त्यातलं पाणी लाकडात जिरतं, पॉलिमरचे कण एकमेकांत मिसळतात आणि वाळल्यावर सांधा पुष्कळदा लाकडापेक्षाही मजबूत होतो. फक्त तोवर दाबून धरावं लागतं. झटपट चिकटणारा ग्लू खिडक्यांपासून दूर ठेवा. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसून पांढरट धुकं चढवते. आणि तो सांडला म्हणून कापसाने कधीच पुसू नका. कापसावर तो इतक्या वेगाने घट्ट होतो की बोट भाजेल एवढी उष्णता निघते.

मग आले पडदे. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा मी जपून ठेवला होता. हौसेने कापला, शिवला, टांगला, आणि तो पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहिला. तीच साडी नेसल्यावर कशी अंगावर पडायची! इथे मला शेजारचेच एक पूर्वसूरी आठवले. मँचेस्टरच्याच डिड्सबरी भागात शर्ली इन्स्टिट्यूट नावाची कापूस संशोधन संस्था होती. तिथल्या एफ. टी. पियर्स यांनी १९३० साली कापडाचा ‘हात’, म्हणजे स्पर्शाला जाणवणारा मऊपणा, मोजायची पद्धत मांडली. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर सरकवत न्यायची आणि स्वतःच्या वजनाने ती किती लांबीला किती झुकते ते पाहायचं. त्यातून त्या कापडाची एक ठराविक लांबी मिळते. साध्या सुती कापडासाठी ती काही सेंटिमीटर भरते. पडदा तिच्यापेक्षा खूप लांब असेल तरच त्याला मऊ चुण्या पडतात. दोन मीटरच्या पडद्याला ही अडचण नसते, १७ सेंटिमीटरच्या पडद्याला असते. पडदा लहान झाला तरी कापडाची ती लांबी लहान होत नाही. शिवाय साडीच्या काठावरची दोन सेंटिमीटरची कोयरी बाहुलीसाठी २४ सेंटिमीटरची होते, ते वेगळंच.

म्हणून बाहुलीघराचे पडदे टांगत नाहीत, घडवतात. मिळेल तितकं झिरझिरीत मलमल घ्या, पाणी घातलेल्या पांढऱ्या डिंकात बुडवा, थर्माकोलवर टाचण्या लावून चुण्या पाडा आणि वाळू द्या. काठ मी शेवटी वापरलाच, पण सतरंजी म्हणून.

पाण्याचं तर विचारूच नका. लेकीला बाहुलीसाठी खरा चहा हवा होता. दीडशे मिलिलिटरचा कप १७२८ ने भागला की ०.०९ मिलिलिटर उरतो, म्हणजे जेमतेम दोन थेंब. एक थेंब बाहुलीच्या हिशेबाने चांगल्या मोठ्या लिंबाएवढा. ड्रॉपरने भरलेला तो सहा मिलिमीटर तोंडाचा कप लेकीने उपडा केला तर चहा पडेचना! एवढ्या लहान तोंडावर पृष्ठताण गुरुत्वाकर्षणाला पुरून उरतो. भातुकलीतल्या बोळक्यातून पाणी निमूटपणे ओतलं जातं, कारण भातुकलीची भांडी एवढी लहान नसतात. ती मुलीच्या हातासाठी असतात, बाहुलीच्या नाही.

याच प्रमाणातलं सर्वांत प्रसिद्ध घर इथून काही तासांवर, विंडसर कॅसलमध्ये आहे. राणी मेरीसाठी ते १९२१ ते १९२४ या काळात तयार झालं आणि त्याची रचना एडविन लुटियन्सची, तेच नवी दिल्लीवाले. त्यात चालणाऱ्या लिफ्ट आहेत, नळांना पाण्याची सोय आहे आणि तळघरातल्या बाटल्यांत खरी वाईन भरलेली होती. आम्ही ते पाहायला गेलो तेव्हा लेकीचा प्रश्न एकच होता, “त्यांचा चहा पडतो का?”

आता दिव्यांकडे येते, आणि इथे जरा सावकाश वाचा.

खोलीची क्षेत्रफळं १४४ पटींनी कमी झाल्यामुळे प्रकाशही तितकाच कमी लागतो. आपल्या दिवाणखान्यातला ८०० ल्युमेनचा बल्ब बाहुलीच्या दिवाणखान्यात साडेपाच ल्युमेनचा होतो. तेवढं काम एक तांदळाएवढा एलईडी करतो. त्यासाठी माझ्या कीटमध्ये सीआर २०३२ जातीचे चार बटन सेल होते. नावातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. ते उघड्या खाचेत नुसते सरकवायचे होते, ना झाकण ना स्क्रू. मुलांच्या खेळण्यात असं चालत नाही. पण १४ वर्षांपुढचा कीट म्हणजे खेळणं नव्हे. ती ओळ याच्यासाठी होती.

एका शनिवारी दिवे लागेनात. पाहिलं तर एक सेल गायब. आणि धाकटा, वय दीड वर्ष, जमिनीवर बसून लाळ गाळत खोकत होता.

गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला की त्यातलं रसायन गळणं हा मुख्य धोका नसतो. तीन व्होल्टच्या सेलची दोन टोकं ओल्या पेशींना टेकतात, वीज वाहू लागते, आणि ऋण टोकापाशी पाण्याचं विघटन होऊन हायड्रॉक्साइड तयार होतं, कॉस्टिक सोड्यासारखंच तीव्र अल्कली. दोन तासांतसुद्धा गंभीर जखम होऊ शकते. दिवा पेटवू न शकणारा ‘संपलेला’ सेलही यासाठी पुरेसा असतो. लक्षणं सर्दीखोकल्यासारखी असतात, किंवा काहीच नसतात. म्हणून नुसती शंका आली तरी वाट पाहायची नाही, उलटी करवायची नाही, सरळ इमर्जन्सी गाठायची आणि ‘बटन सेल’ हे शब्द पहिल्या वाक्यात उच्चारायचे.

आम्ही तेच केलं. गाडीत मी मागे बसून त्याचा श्वास मोजत होते. एवढं शिकून या घरात तो सेल मीच आणला होता, याशिवाय दुसरं काही डोक्यात येत नव्हतं. एक्स-रे काढला. सेल असेल तर नाण्यासारखी चकती दिसते, पण कडेला दुहेरी रेघ असते. त्याच्या एक्स-रेमध्ये काहीच नव्हतं. त्याला खरंच सर्दी झाली होती.

सेल घरीच सापडला, बाहुलीच्या स्वयंपाकघरात. लेकीने तो पोळपाट म्हणून वापरला होता. वीस मिलिमीटर गुणिले बारा, २४ सेंटिमीटर. पोळपाटाचं माप अगदी बरोबर! तिला रागावणार तरी काय?

त्याच संध्याकाळी चारही सेल टेप गुंडाळून रिसायकलिंगच्या डब्यात गेले. आता आमच्या बाहुलीघराला पेन्सिल सेलचा डबा आहे, स्क्रूने बंद होणारा, आणि तो घराच्या मागे बाहेर बसवला आहे. तुमच्या घरी लहान मूल असेल तर हे वाचून झाल्यावर रिमोट, वजनकाटा आणि संगीत वाजवणारी शुभेच्छापत्रं एकदा तपासा.

शेवटची वस्तू झोपाळा. सांगलीला आईच्या घरी आहे तसा, कड्यांचा. लाकडाची पट्टी आणि साखळी मिळून अर्ध्या तासात झाला, पण हलवला की वेड्यासारखा फडफडतो. लांबी बारा पटींनी कमी केली तरी लंबकाचा वेळ बाराच्या वर्गमुळानेच, म्हणजे सुमारे साडेतीन पटींनी कमी होतो. आईचा २.१ मीटरचा झोपाळा एका हेलकाव्याला २.९ सेकंद घेतो, आमचा साडेसतरा सेंटिमीटरचा ०.८ सेकंद. जुन्या सिनेमांत लहान प्रतिकृतींची जहाजं बुडवताना कॅमेरा जलद फिरवून मग दृश्य संथ करायचे, ते याच कारणाने. फोनमध्ये ही सोय असतेच. १२० चौकटींनी चित्रण करून ३० ने दाखवलं की वेग चारपट कमी होतो, आपल्याला हव्या त्या साडेतिनाच्या पुरेसा जवळ.

व्हिडिओत झोपाळा तसाच सावकाश जातो आणि येतो. मागे तो न सांडणारा चहाचा कप, खाली साडीच्या काठाची सतरंजी. आईला पाठवला. तिने दोनदा पाहिला म्हणे, आणि मग फोन केला, “कड्या पितळेच्या होत्या गं.”

सध्या मी एक मिलिमीटर जाडीची पितळी तार शोधते आहे.