थांब म्हटलं तरी फिरणारी विंच

गेल्या नाताळात आमच्या गोठ्यातल्या संत जोसेफची मान मोडली. आजीने लग्नानंतर माहेराहून, म्हापशाहून आणलेली ती मातीची मूर्ती. मोडली ती माझ्या धाकट्या भावाने घरी बनवलेल्या रिमोटच्या ट्रकने. या गुन्ह्यात मीही सामील होते, कारण सोल्डरिंग माझं होतं. बी.ए.च्या मुलीने सोल्डरिंग करावंच कशाला, असं मम्मी तेव्हाही म्हणाली आणि अजूनही म्हणते.

ट्रकच्या पुढच्या बाजूला एक विंच आहे. म्हणजे मोटरवर फिरणारं छोटं रीळ आणि त्यावर गुंडाळलेली दोरी. ट्रक चिखलात रुतला की दोरी झाडाला अडकवायची आणि ट्रकने स्वतःला ओढून बाहेर काढायचं. रीळ पप्पांनी उद्यमबागेतल्या लेथवर करून आणलं, व्यास 15 मिलिमीटर. आमची कल्पना अशी होती की ट्रक गोठ्यामागे लपवायचा, दोरी कामटीला बांधलेल्या कप्पीवरून घ्यायची आणि मिस्साहून परतल्यावर तारा हळूहळू वर चढवायचा. ऐनवेळी धावपळ नको म्हणून भावाने जाताना ट्रक आणि रिमोट दोन्ही चालूच ठेवले. परत आलो तेव्हा तारा कप्पीत घट्ट अडकलेला, कामटी आडवी आणि तिच्याखाली जोसेफ. आम्ही नसताना विंच आपोआप फिरत राहिली होती. पाच मिनिटांत एक फेरा धरला तरी तासाभरात 12 फेरे होतात, आणि 15 मिलिमीटरच्या रिळावर 12 फेरे म्हणजे 56 सेंटिमीटर दोरी. (लिथियमची बॅटरी घरात कुणी नसताना चालू ठेवणं हा वेगळाच मूर्खपणा. त्यावर पप्पांचं व्याख्यान झालं.)

विंच अशी का सरकते, ते कळायला आधी सर्वो म्हणजे काय ते बघावं लागेल. सर्वोच्या डबीत मोटर, गिअर, एक छोटा सर्किट बोर्ड आणि पॉटेन्शिओमीटर असतो. बोलताना सगळे त्याला पॉट म्हणतात. रिमोटची कांडी हलवली की रिसीव्हर दर 20 मिलिसेकंदांनी सर्वोला एक पल्स पाठवतो. तिची लांबी साधारण 1 ते 2 मिलिसेकंद, आणि 1.5 म्हणजे मध्य. पॉट दांड्याबरोबर फिरतो आणि दांडा आत्ता कुठे आहे ते बोर्डाला सांगतो. बोर्ड दोन्हींची तुलना करतो, फरक असेल तर मोटर फिरवतो, फरक संपला की थांबवतो. चाकं वळवायला हे उत्तमच. पण असा सर्वो अर्ध्या फेऱ्यापलीकडे जात नाही आणि विंचला तर फेऱ्यामागून फेरे हवेत.

म्हणून आरसीवाले एक युक्ती करतात. गिअरवरचा अडथळा कापून टाकायचा, पॉट काढायचा आणि त्याच्या जागी दोन सारखे रेझिस्टर जोडायचे. मग बोर्डाला दांडा कायम बरोब्बर मध्यावरच दिसतो. दांडा कितीही फिरला तरी बोर्डाला त्याचा पत्ता नाही. कांडी पुढे केली की फरक कधी संपतच नाही, म्हणून मोटर फिरत राहते. कांडी मध्यावर आणली की थांबते.

पण हे मध्याचं सोंग तंतोतंत असेल तरच ती थांबते. आमच्या घोळाचं मूळ इथेच होतं. पाच-दहा मायक्रोसेकंदांच्या फरकाकडे सर्वो काणाडोळा करतो. त्याला डेडबँड म्हणतात. फरक त्याच्या जरासा बाहेर गेला की मोटरला बारीक बारीक धक्के बसू लागतात आणि रीळ गोगलगायीसारखं सरकतं.

दोष कुठे आहे हे शोधायला आम्ही दोन गोष्टी केल्या. तुम्हीही आधी त्याच करा, लगेच नवीन सर्वो विकत आणू नका. पहिली, दोरी सोडवून रीळ मोकळं ठेवलं. तरीही फिरत होतं. म्हणजे वजनाने दोरी ओढली जात नव्हती. (दोरी ताणलेली असतानाच रीळ उलटं सुटत असेल तर तो गिअरचा प्रश्न, त्याला ड्रिफ्ट म्हणू नये.) दुसरी, फक्त सिग्नलची वायर काढली. रीळ तत्काळ थांबलं. साध्या, अॅनालॉग सर्वोला पल्स मिळाली नाही की तो मोटर चालवत नाही. म्हणजे मोटर निर्दोष.

मग मी मल्टिमीटर लावला. दोन्ही रेझिस्टर 2.2 किलोओहमचे, पण 5 टक्के फरकाची मुभा असलेले. एक निघाला 2.24 चा, दुसरा 2.15 चा. त्यामुळे मधलं व्होल्टेज निम्म्यावर न राहता 49 टक्क्यांच्या आसपास. त्या दिवशी दुपारी भावाने रिमोटच्या ट्रिमचं बटण दाबत दाबत रीळ थांबवलं होतं खरं, पण ते डेडबँडच्या अगदी काठावर. बेळगावची डिसेंबरची रात्र थंड, त्यात बोर्ड बंद डबीत तापलेला. एवढ्यानेही तोल गेला.

पहिला उपाय स्वस्तातला. 1 टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर घ्यायचे, दहा-बारा मोजून त्यातली जुळी जोडी निवडायची आणि दोघांच्या मध्ये 500 ओहमचा मल्टिटर्न ट्रिमर बसवायचा. रिमोटचं ट्रिम शून्यावर ठेवून रीळ थांबेपर्यंत ट्रिमरचा स्क्रू फिरवायचा. थांबण्याची दोन्ही टोकं शोधून बरोबर मधे सोडायचा, काठावर नाही. याने खूपच फरक पडला. पण ट्रक उन्हात ठेवला की रीळ पुन्हा किंचित हलायचं.

शेवटी आम्ही सोंगच बंद केलं. सर्वोचा बोर्ड काढून टाकला आणि मोटरच्या दोन वायर थेट एका छोट्या ब्रश्ड ईएससीला जोडल्या. तो पुढे-मागे दोन्हीकडे चालणारा हवा. ईएससीचा मधला पट्टा रुंद असतो. कांडी मध्याच्या जवळपास कुठेही असो, मोटरला वीज जातच नाही. शिवाय ब्रेक असेल तर थांबल्यावर तो मोटरची दोन टोकं आपसात जोडतो, त्यामुळे ताणलेली दोरीही पटकन सुटत नाही. इथे दोन गोष्टी सांभाळा. चाकांचा ईएससी रिसीव्हरला आधीच वीज देत असतो, म्हणून विंचच्या ईएससीची लाल वायर प्लगमधून काढून टेप लावून ठेवा. आणि सर्वोची मोटर 6 व्होल्टच्या आसपासची, तर भरलेली दोन सेलची बॅटरी 8.4 व्होल्टची. तेव्हा रिमोटमध्ये विंचची मर्यादा 70 टक्क्यांवर आणा. आम्ही हे आधी केलं नाही आणि एक मोटर जाळली. वास दोन दिवस घरात होता.

सिग्नल तुटला तर विंचने मध्यावर यावं, असा फेलसेफही रिसीव्हरमध्ये लावून घेतला.

परवा रिळावर पेन्सिलची खूण करून ट्रक तीन तास चालू ठेवला. पहिला तास उन्हात, दुसरा सावलीत, तिसरा फ्रिजशेजारी. भाऊ सारखा जाऊन बघत होता. खूण जागची हलली नाही. जोसेफची मान पप्पांनी अराल्डाइटने चिकटवली आहे, थोडी डावीकडे वळलेली. यंदाही तारा विंचनेच चढवू, असं मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "चढवा, पण मिस्साला जाताना बॅटरी माझ्याकडे द्यायची."