अस्वलाची हजामत

शाळांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम जवळ आला की नगरच्या, म्हणजे सरकारी दप्तरी आता अहिल्यानगर झालेल्या या शहराच्या, तोफखाना भागातील आमच्या वहिनींच्या दोन खोल्यांत अस्वले, माकडे आणि क्वचित एखादा सिंह यांची अशी काही दाटी होते की, पाहुण्याला बसावयास जागा देण्यापूर्वी कुणाचे तरी शेपूट उचलून बाजूस ठेवावे लागते. वहिनी ड्रेपरीवाल्यांसाठी पोशाख शिवतात, आणि पूर्वी रंगवलेल्या मांजरपाटावर भागणारे हे काम आता फरच्या कापडाखेरीज कुणाला पसंत पडत नाही.

एका वर्षी एका शाळेची अख्खी वानरसेना अंगावर आली, तेव्हा मदतीच्या उत्साहात मी कात्री हाती घेतली आणि खडूच्या रेघेवरून ते कापड सरळ, साध्या सुती कापडासारखे, कापीत सुटलो. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत तासाभराने जे दृश्य दिसले ते मी विसरलेलो नाही: तपकिरी तुसाचा एक मंद, तरंगता पडदा, वरच्या पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर फिरणारा, आणि माझ्या चहावरच्या सायीत रुतलेले दहा-बारा केस. रात्री खोकल्याने झोप आली नाही. "भावजी, आधी पंखा बंद करायचा असतो," एवढेच वहिनी दुसऱ्या दिवशी म्हणाल्या.

फर हे नाव फसवे आहे. ती अ‍ॅक्रिलिकची लव असते, पॉलिएस्टरच्या विणीत गुंतवलेली. डोळ्यांना दिसणारा तिचा लांब केस नाकाशी, फार तर घशाशी अडतो, आणि शिंकेने वा खोकल्याने बाहेर पडतो. म्हणून जे दिसते त्याचे भय तुलनेने थोडे. खरे भय न दिसणाऱ्या चुऱ्याचे. आपला केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. सुमारे पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसाच्या अगदी तळाशी, वायुकोशांपर्यंत जाऊ शकतो, आणि हा कृत्रिम तंतू तेथे गेला तर सहजी विरत नाही.

वहिनींची रीत पाहण्यासारखी आहे. कापड लव खाली, पाठ वर, असे ओल्या चादरीवर पसरायचे. रेघ पाठीवर आखायची. आणि मग ब्लेडचे केवळ टोक टेकवून, विणीची पाठ तेवढी चिरेल इतक्याच दाबाने, एक चीर द्यायची. त्यानंतर दोन्ही बाजूंना हळू ओढले की लव केसांच्या भांगासारखी आपोआप दुभंगते. केस सहसा तुटत नाही, कारण तो कापलेलाच नसतो. कापलेल्या कडांवर सुटलेली लव लगेच व्हॅक्यूमच्या नळीने ओढून घेतली जाते, आणि जमिनीला केरसुणी न लावता ओले फडके फिरते. ब्लेड बोथट वाटले की टाकायचे. मास्कपेक्षा या ब्लेडने वहिनींच्या फुप्फुसांचे अधिक रक्षण केले आहे असे माझे मत आहे.

परंतु अस्वलाचे तोंड आले की ही युक्ती संपते, कारण थूथनावरची लव आखूड हवी आणि ती ट्रिमरनेच उतरवावी लागते. ही हजामत सगळ्यांत वाईट. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या पॉटकेट गावी, मखमली कापडासाठी नायलॉनचे तंतू बारीक कापणाऱ्या कामगारांत 1990 च्या दशकात डॉक्टरांना फुप्फुसाचा जो विकार आढळला आणि ज्याला पुढे फ्लॉक वर्कर्स लंग हे नाव पडले, तो अशाच कापणीतून निघणाऱ्या सूक्ष्म चुऱ्याशी जोडला गेला. तो नायलॉन होता आणि ते कारखाने होते. वर्षाला चाळीस अस्वले शिवणाऱ्या बाईला तोच रोग होईल असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरीही वहिनी त्या वेळी पदर नाकाला लावीत नाहीत. पदर तूस अडवतो, चुरा अडवीत नाही. त्या एन-95 मास्क दोन्ही पट्ट्या डोक्यामागे नेऊन, नाकावरची पट्टी दाबून घालतात, आणि थूथन एका मोठ्या पिशवीत धरून भादरतात. माझ्या दाढीमुळे तो मास्क माझ्या गालाशी नीट चिकटत नाही, म्हणून हे काम मला मिळत नाही.

चिकटवण्याच्या सोल्यूशनची गोष्ट निराळी. फोमच्या डोक्यावर फर चिकटवताना उडणारी टोल्युइनसारख्या द्रावकाची वाफ एन-95 मधून सरळ आत जाते. तिला कोळशाच्या डबीचा मास्क तरी हवा, नाहीतर गच्चीवर, वारा बाजूने येईल असे बसून, काम उरकावे. मेणबत्तीवर कडा जाळण्याची शिंपीकामातील जुनी सवय येथे पूर्ण वर्ज्य, कारण जळत्या अ‍ॅक्रिलिकमधून हायड्रोजन सायनाइड निघते.

याच तोफखान्यात एके काळी हातमागांचा खटखटाट असे. सुताच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसाचा विकार कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत नोंदला गेला, आणि तो झालेल्या गिरणी-कामगाराची खबर सरकारात देणे बंधनकारक झाले. वहिनींच्या खोलीत मात्र एकच यंत्र आणि एकच बाई. तेथे ना तपासनीस येतो, ना कसली नोंद होते. मास्कचे, ब्लेडांचे आणि व्हॅक्यूमच्या पिशव्यांचे पैसे त्या आपल्या मजुरीतून देतात. पुढच्या हंगामात अस्वलाचा दर ठरवताना हा खर्च मजुरीत वेगळा धरावा, एवढीच ड्रेपरीवाल्यांना माझी विनंती आहे.